शंभरापर्यंत स्पॅनिश सोपी, लाखाच्या पुढे मात्र सांभाळून

गोव्यात पोर्तुगीजचं कौतुक जुनं, स्पॅनिशचं अलीकडचं, आणि ते आलं मुख्यतः फुटबॉलच्या वाटेनं. २०१७ला सेर्जिओ लोबेरा एफसी गोवाचा कोच झाला, पुढे हुआन फेरांदो, कार्लोस पेन्या, मानोलो मार्केझ (मधे आपले गोंयकार कोच येऊन गेले ते सोडा), आणि मैदानावर कोरो, ज्यानं पहिल्या सीझनला १८ नि दुसऱ्याला १६ गोल मारून दोन्ही वेळा गोल्डन बूट नेला. त्यात बार्सा आणि रेआल माद्रिदचे फॅन घरोघरी, क्रूझवर नोकरीला जाणारी मुलं दरवर्षी, २०२६चा वर्ल्डकप मेक्सिकोत पण, आणि बसमध्ये शेजारचा माणूस मोबाईलवर स्पॅनिशचे धडे टिकटिक करत बसलेला.

हे सगळे एकाच जागी अडकतात. 'ओला' (हॅलो) आणि 'ग्रासियास' (थँक्यू) दोन दिवसांत येतं, पण समोरच्यानं एखादा आकडा सांगितला, किंमत म्हणा, फोन नंबर म्हणा, जर्सीचा नंबर म्हणा, की डोकं बंद. मग म्हणतात स्पॅनिश आकडे कठीण. माझं म्हणणं उलटं आहे. मराठी माणसाला स्पॅनिशचे पहिले शंभर आकडे आपल्यापेक्षा कितीतरी सोपे आहेत, आणि खरा घोळ सुरू होतो तो लाखाच्या पुढे, जिथे कुणी आपल्याला सावध करत नाही.

## आधी चोवीस शब्द

मराठीत एक ते शंभर म्हणजे जवळजवळ शंभर वेगळे शब्द. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, प्रत्येकाचा चेहरा वेगळा, वर एकोणसाठ आणि एकोणसत्तर हे 'एक कमी' वाले, त्यातही नव्याण्णव नियम मोडून बसलेला. आपण लहानपणी घोकलं म्हणून जाणवत नाही. हल्लीच्या मुलांना मराठीत सत्त्याऐंशी विचारून बघा, ती आधी इंग्रजीत भाषांतर मागतात.

स्पॅनिशमध्ये शून्य ते नव्व्याण्णवसाठी चोवीस शब्द पुरतात. शून्य ते दहा असे: सेरो, ऊनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको, सेइस, सिएते, ओचो, नुएबे, दिएस. मग अकरा ते पंधरा स्वतंत्र: ओन्से, दोसे, त्रेसे, कातोर्से, किन्से. हे झाले सोळा. मग वीस ते नव्वद दहाच्या पटीतले आठ: बेइंते, त्रेइंता, क्वारेंता, सिंक्वेंता, सेसेंता, सेतेंता, ओचेंता, नोबेंता. संपलं. बाकी सगळं जोडकाम.

यातले बरेच तसेही आपले लांबचे नातेवाईक आहेत. दोन-दोस, तीन-त्रेस, सात-सिएते, नऊ-नुएबे, आणि संस्कृतातलं सप्त नि दश आठवलं तर नातं अजून स्पष्ट दिसतं. गोव्यात राहणाऱ्याला अजून एक फायदा. शेजारी ख्रिस्ती घर असेल तर संध्याकाळी 'तेर्स' म्हणतात ते ऐकलं असेल, ते मूळ 'एक तृतीयांश', म्हणजे पूर्ण रोझरीचा तिसरा हिस्सा. जुन्या गोव्याच्या फेस्ताआधीची 'नोवेना' नऊ दिवसांची. आणि ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ, 'कोरेज्म', चाळीसवरून. तीन, नऊ आणि चाळीस आपण आधीच ओळखतो, फक्त वेगळ्या नावानं.

साठ आणि सत्तर मात्र नीट घोका. सेसेंता आणि सेतेंता, फरक एका अक्षराचा, आणि भरभर बोलताना तो कानाला लागतच नाही. सेइसमधला स म्हणून सेसेंता, सिएतेमधला त म्हणून सेतेंता, एवढं धरून ठेवलं की पुरे.

## दोस म्हणा, डोस नको

उच्चारात मराठी माणूस इंग्रजीवाल्यापेक्षा पुढे आहे, जर तो इंग्रजीतून शिकला नाही तर. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखे दातावरचे आहेत, ट-ड नाहीत. 'दोस', 'डोस' नव्हे, तो लशीचा. (आणि आपल्याकडे नाताळात चण्याच्या डाळीचं दोस करतात त्याच्याशीही याचा संबंध नाही, ते पोर्तुगीज गोड.) ओचोमधला च हा चहातला च, चमच्यातला नव्हे. हा फरक इंग्रजीवाल्याला शिकवावा लागत नाही पण आपण मात्र देवनागरीत लिहून घेतलं तर चुकू शकतो, कारण आपल्याकडे दोन्ही च एकाच अक्षरात.

लिहिताना व्ही असलं तरी तोंडात ब येतो, म्हणून बेइंते, नुएबे, नोबेंता. आणि मी सिंको, दिएस लिहिलं तसा स लॅटिन अमेरिकेत सगळीकडे म्हणतात. स्पेनच्या बऱ्याच भागात तिथे जीभ दातांच्या मधे आणून थ-सारखा आवाज काढतात, थिंको, दिएथ असं काहीतरी ऐकू येईल. दोन्ही बरोबर. एक निवडा नि त्याला धरून राहा, मी म्हणेन स, कारण तो जास्त लोक बोलतात आणि आपल्या तोंडाला सोपा.

## जोडकाम कसं चालतं

सोळा ते एकोणीस म्हणजे 'दहा आणि सहा', 'दहा आणि सात' एकत्र चिकटवलेले: दिएसिसेइस, दिएसिसिएते, दिएसिओचो, दिएसिनुएबे. म्हणजे कोरोचे गोल दिएसिओचो आणि दिएसिसेइस. वीसच्या घरातही तसंच चिकटवायचं, बेइंतिऊनो, बेइंतिदोस, असं बेइंतिनुएबेपर्यंत, एकाच शब्दात. तीसपासून मात्र मोकळं लिहितात, मधे 'इ' म्हणजे 'आणि': त्रेइंता इ ऊनो, क्वारेंता इ दोस, नोबेंता इ नुएबे. एकच शब्द करून लिहिणंही आता रेआल अकादेमिया एस्पान्योला, म्हणजे तिथली भाषेची अकादमी, चालवून घेते पण बहुतेक लोक अजून तीन शब्दच लिहितात, तुम्हीही तेच करा.

लिहिणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. दोस, त्रेस, सेइस एकटे असताना डोक्यावर काही नसतं, पण चिकटून बेइंतिदोस, बेइंतित्रेस, बेइंतिसेइस, दिएसिसेइस झाले की त्यातल्या शेवटच्या ओ किंवा ए वर तिरकी रेघ द्यावी लागते. कारण स्पॅनिशमध्ये एस अक्षरानं संपणाऱ्या शब्दात जोर एरवी शेवटून दुसऱ्या ठिकाणी पडतो, इथे तो शेवटच्यावर पडतो, म्हणून खूण. परीक्षेला बसणाऱ्यांचे मार्क इथेच जातात.

आता गंमत बघा, स्पॅनिशमध्ये आधी दशक मग एकक, आपल्याकडे उलटं, त्रेपन्नात तीन आधी येतो. २०१९ला महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास तीन', 'वीस दोन' असं वाचायची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवत असेल, विधानसभेपर्यंत गेलं, सोशल मीडियावर तर विनोदांचा पाऊस. गणितज्ञ मंगला नारळीकर तेव्हा सांगत होत्या की मुलांना जोडाक्षरांचे आकडे जड जातात आणि आकडा लिहिताना उलटापालट होते. त्या वादात कुणाची बाजू घ्यायची ते तुम्ही ठरवा, पण स्पॅनिश मूल नेमकं तेच करतं, सिंक्वेंता इ त्रेस, पन्नास आणि तीन, ऐकलं त्याच क्रमानं हात लिहीत जातो. आपल्याला ५३ लिहिताना डोक्यात एक उलटी उडी मारावी लागते, ती इथे नाही.

## पोर्तुगीज येणाऱ्याला हे फुकट मिळतं का?

घरात लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या हायस्कुलात, शिकलेले कुणी आजोबा असतील तर ते म्हणणारच, अरे आम्हाला येतं की हे. बरंच येतं. त्यांचं सेत, इथे सिएते, त्यांचं ओइतु, इथे ओचो, त्यांचं नोव, इथे नुएबे. वाचताना तर सत्तर टक्के ओळखीचं वाटेल आणि तिथेच फसगत आहे, कारण 'इ' ची जागा वेगळी.

पोर्तुगीज माणूस 'इ' सढळ हातानं घालतो, शेकड्यानंतरही आणि दशकानंतरही. स्पॅनिशमध्ये 'इ' फक्त दशक आणि एकक यांच्या मधे, बाकी कुठेही नाही. गोवा मुक्तीचं वर्षच घ्या. १९६१ पोर्तुगीजमध्ये मिल नोवेसेंतुश इ सेसेंत इ उं, दोन 'इ'. स्पॅनिशमध्ये मिल नोबेसिएंतोस सेसेंता इ ऊनो, एकच. १०१ म्हणजे सिएंतो ऊनो, मधे काहीही नाही. पोर्तुगीजवाला इथे हमखास 'सिएंतो इ ऊनो' म्हणतो, लोकांना कळतं, पण कळतं हेही की हा पोर्तुगीजवाला.

याच उदाहरणात अजून एक गोष्ट दडलीय. आपण 'एकोणीसशे एकसष्ट' म्हणतो, इंग्रजीत 'नाइन्टीन सिक्स्टीवन'. स्पॅनिशमध्ये वर्षाचे असे दोन तुकडे पाडत नाहीत, सरळ 'हजार नऊशे साठ आणि एक'. आणि हजाराच्या आधी 'एक' लावायचा नाही, नुसतं मिल.

## शेकडे, आणि आकड्यांना लिंग कशाला?

नेमके शंभर असतील तर सिएन. एकानं जरी वाढले तरी सिएंतो: सिएंतो ऊनो, सिएंतो सिंक्वेंता. पण हजार किंवा मिलियन मोजताना परत सिएन, म्हणजे सिएन मिल. दोनशेपासून दोससिएंतोस, त्रेससिएंतोस असं सरळ जातं, फक्त तिघे वाकडे: पाचशे किनिएंतोस, सातशे सेतेसिएंतोस, नऊशे नोबेसिएंतोस. यांना काही नियम शोधू नका, पाठ करा.

आता लिंग. एक पुस्तक ऊन लिब्रो, एक घर ऊना कासा, कारण तिकडे पुस्तक पुल्लिंगी आणि घर स्त्रीलिंगी. तेवढ्यावर थांबत नाही, एकवीस पुस्तकं बेइंतिऊन लिब्रोस, एकवीस घरं बेइंतिऊना कासास. दोनशे पुस्तकं दोससिएंतोस, दोनशे घरं दोससिएंतास. हे ऐकून लोक वैतागतात. पण आपणसुद्धा 'दोघे भाऊ' आणि 'दोघी बहिणी' म्हणतोच ना, 'तिघे' आणि 'तिघी'. सवय आहे आपल्याला, फक्त माणसांपुरती. बरं, स्पॅनिशमध्ये पण बदलतात फक्त एकनं संपणारे आणि दोनशे ते नऊशे, बाकी दोस, त्रेस, सिंक्वेंता, मिल यांना कसलाच फरक पडत नाही.

## लाख नाही, कोटी नाही

इथून पुढे जरा लक्ष देऊन वाचा. आतापर्यंतचं सगळं आपल्या बाजूनं होतं, आता नाही.

आपण हजारानंतर दोन-दोन शून्यांनी चढतो, हजार, लाख, कोटी. ते तीन-तीननी. पणजी ते मडगाव रस्ता तोच आहे, फक्त त्यांनी मैलाचे दगड वेगळ्या जागी रोवलेत. लाख म्हणजे सिएन मिल, शंभर हजार. दहा लाख म्हणजे ऊन मियोन. कोटी म्हणजे दिएस मियोनेस.

गोव्याची लोकसंख्या घेऊ, २०११च्या जनगणनेत १४,५८,५४५. चौदा लाख अठ्ठावन्न हजार पाचशे पंचेचाळीस. आता याचा भाषांतरानं स्पॅनिश करायला गेलात तर 'चौदा लाख' वरच अडकाल, कारण लाख नावाचं तिथे काही नाहीच. आधी कागदावर स्वल्पविराम हलवा, उजवीकडून तीन-तीन अंक सोडून: १ मग ४५८ मग ५४५. मग वाचा: ऊन मियोन, क्वात्रोसिएंतोस सिंक्वेंता इ ओचो मिल, किनिएंतोस क्वारेंता इ सिंको. बोलण्याआधी लिहायचं, हाच उपाय, आणि सरावानं हे डोक्यात आपोआप होऊ लागतं.

फुटबॉलवाल्यांना नेमारचा आकडा पाठ असेल. २०१७ला बार्सिलोनाहून पॅरिसला गेला तेव्हा २२२ मिलियन युरो. दोससिएंतोस बेइंतिदोस मियोनेस दे एउरोस. आपल्या हिशेबात बावीस कोटी वीस लाख युरो. ते 'दे' बघितलंत? मियोननंतर लगेच वस्तूचं नाव आलं तर मधे 'दे' लागतो, मिलनंतर लागत नाही, मिल एउरोस.

आणि आता खरा खड्डा. इंग्रजीतला बिलियन म्हणजे शंभर कोटी, एकावर नऊ शून्यं. स्पॅनिशचा बियोन म्हणजे एकावर बारा शून्यं, हजारपट मोठा. ज्याला इंग्रजीत बिलियन म्हणतात त्याला ते मिल मियोनेस म्हणतात, हजार मिलियन. या मोजणीला लाँग स्केल म्हणतात, पोर्तुगालातही हीच आहे पण ब्राझीलनं मात्र इंग्रजीसारखी धरली. म्हणजे एखादी बातमी इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये करताना कुणी बिलियनचा बियोन केला की श्रीमंत माणूस एका ओळीत हजारपट श्रीमंत. हे तिकडच्या पेपरांतसुद्धा होतं. गंमत म्हणजे मराठी वाचकाला बियोन समजायला इंग्रजाळलेल्या वाचकापेक्षा सोपा, कारण आपले पेपर बजेटच्या दिवशी 'लाख कोटी' लिहितात ना, ते एक लाख कोटी म्हणजेच ऊन बियोन, शून्याला शून्य जुळतं.

## टिंब की स्वल्पविराम?

स्पेनमध्ये भाड्याच्या जाहिरातीत १.५०० युरो दिसलं तर ते दीड युरो नाहीत, दीड हजार आहेत. आणि कॅफेत १,५० लिहिलं असेल तर तो दीड युरो. म्हणजे आपल्या बरोबर उलट, टिंब हजारासाठी, स्वल्पविराम दशांशासाठी. अर्जेंटिना, कोलंबियातही असंच. पण मेक्सिकोत आपल्यासारखं, स्वल्पविराम हजाराला आणि टिंब दशांशाला, वर पेसोसाठी डॉलरचीच खूण वापरतात, त्यामुळे मेनूकार्ड बघून घाबरू नका.

अकादमीनं भांडण मिटवायला सांगितलं की हजाराला काहीच लावू नका, नुसती थोडी जागा सोडा, १ ४५८ ५४५ असं, आणि चार अंकी आकड्यात तीही नको. पुस्तकांत हे दिसतं. दुकानांत जुनंच चालतं.

हातानं लिहिलेल्या आकड्यांचं पण बघा. तिकडे बरेच लोक इंग्रजी एकला वरून लांब शेपूट देतात, आपल्याला तो सात वाटतो, आणि म्हणूनच सातच्या पोटात एक आडवी रेघ मारतात. फॉर्म भरताना तुमचा साधा सात त्यांना एक वाटू शकतो, तेव्हा रेघ मारून टाका.

## पण मोबाईल आहे ना, पाठ कशाला करायचं?

लिहिलेला आकडा असेल तर मोबाईलचीही गरज नाही, आकडे सगळीकडे तेच. प्रश्न ऐकण्याचा आहे. स्पेनमध्ये फोन नंबर नऊ अंकी, आणि पुष्कळ जण तो एकेक अंक न सांगता आधी तीनाचा गट, मग दोन-दोनचे सांगतात, सेइससिएंतोस दोसे, त्रेइंता इ क्वात्रो, असं धडाधड. तिथे अॅप उघडेपर्यंत समोरचा फोन ठेवून मोकळा. जहाजावर केबिन नंबर, गेट नंबर, शिफ्टची वेळ, सगळं असंच कानावर पडतं.

म्हणून सराव बघून नको, ऐकून करा. आणि त्यासाठी क्लासपेक्षा चांगली गोष्ट मला एक माहीत आहे, ती म्हणजे स्पेनची नाताळची लॉटरी. १८१२ला कादिस शहरात सुरू झाली, दरवर्षी २२ डिसेंबरला सोडत, आणि आकडे पुकारतात ती माद्रिदच्या सान इल्देफोन्सो शाळेची मुलं, पुकारतात म्हणजे अक्षरशः गातात. एक मूल तिकिटाचा पाच अंकी नंबर गातं, दुसरं बक्षीस गातं. ज्यांना तांबोलाची आवड आहे त्यांना हे लगेच कळेल. २०२४चं सगळ्यात मोठं बक्षीस, एल गोर्दो, लागलं ७२४८० ला: सेतेंता इ दोस मिल क्वात्रोसिएंतोस ओचेंता, आणि उत्तरात क्वात्रो मियोनेस दे एउरोस. वर शिकलेलं जवळजवळ सगळं व्याकरण या एका ओळीत आलं.

सोडत तिथे सकाळी नऊला, आपल्याकडे दुपारी दीड. लाइव्ह जमलं नाही तर जुन्या सोडतींचे व्हिडिओ आहेत, काही तासांचे असतात. वही घ्या, नंबर ऐका, अंकात लिहा, मग स्क्रीनवर ताडून बघा. बक्षिसाची काळजी नको, छोटी बक्षिसं १,७९४ असतात आणि प्रत्येक वेळी दुसरं मूल एकच ओळ गातं, मिल एउरोस.